साडेअकरा लाखांची बीएमडब्ल्यू आणि चोर्ला घाट

प्रश्न खानापूरच्या एका डॉक्टरांचा आहे. बजेट सगळं धरून पंधरा लाख. पुण्यात २०१३ ची बीएमडब्ल्यू ५२० डी बघून आलेत. एमएच-१२ पासिंग, ७८ हजार किलोमीटर, मालक साडेअकरा सांगतोय. रोज खानापूर-बेळगाव ये-जा आणि महिन्यातून दोनदा चोर्ल्यावरून गोवा. ट्रायल घेताना नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरलं. मालक म्हणाला, रनफ्लॅट टायर आहेत, ह्या गाड्या अशाच असतात. डॉक्टरांच्या मिसेस मागं बसल्या होत्या, त्या म्हणाल्या गाडी तरंगतेय. मेहुण्यांनी वेगळीच भीती घातलीय, की ह्या इंजिनाची चेन तुटते. तर ही घ्यावी, की स्कोडा सुपर्ब नाहीतर टोयोटा कॅमरी हायब्रिड बघावी?

डॉक्टर, मालकाचं सोडा, मिसेसचं ऐका. मागं बसणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग नसतं, म्हणून त्याला गाडीचं अंग जास्त कळतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत चोवीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय आणि अजूनही दुसऱ्याची गाडी तपासताना एक चक्कर मागच्या सीटवर बसून मारतो.

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत. गाडी दगा देईल का, आणि गाडी अशी का चालते. माझ्या हिशोबात दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे रबर. लोखंड किलोमीटरनं झिजतं, रबर वर्षांनी म्हातारं होतं. टायर, बुश म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, इंजिन माउंटिंग, होज पाइप, गिअरबॉक्सचे सील, शॉकअपचे टॉप माउंट, मोठ्या गाड्यांना एअर सस्पेन्शन असेल तर त्याच्या हवेच्या पिशव्या, ह्या कशालाच गाडी किती कमी चाललीय ह्याची पर्वा नसते. बारा वर्षांत ७८ हजार म्हणजे वर्षाला साडेसहा हजार. मालक ते अभिमानानं सांगणार. मला ते ऐकून एवढंच कळतं, की गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहून तापली आणि उरलेला वेळ पार्किंगमध्ये वाळली.

आधी थरथर. ती कधी होते हे नीट बघितलं, तर निम्मं निदान गाडीत बसल्या बसल्या होतं. एकाच वेगात, ऐंशी ते शंभरच्या मध्ये थरथरते आणि पुढं गेल्यावर कमी होते, तर चाकाचं बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. ब्रेक दाबल्यावरच थरथरते, तर ब्रेकची डिस्क आणि पुढच्या आर्मचे, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बुश, बहुतेक वेळा दोन्ही. सरळ रस्त्यावर गाडी रेघोट्या पकडल्यासारखी डावी-उजवीकडं शोधत जाते, तर टायर आणि अलाइनमेंट. लाटांसारख्या रस्त्यावर वर जाऊन खाली बसते आणि परत एकदा हलते, तर शॉकअप संपलेत. मिसेसना जे तरंगल्यासारखं वाटलं ते हेच असणार. गावातल्या स्पीडब्रेकरवर हळू जाताना टक-टक वाजतं, तर लिंक रॉड, त्याची फार काळजी नको, स्वस्तातलं काम आहे.

ह्या गाडीच्या पुढच्या चाकाला टेन्शन स्ट्रट नावाचा एक आर्म असतो आणि त्याच्या बुशमध्ये तेल भरलेलं असतं. खड्ड्याचा धक्का हातापर्यंत येऊ नये म्हणून ही सोय. गेल्या पावसाळ्यात अनगोळचे एक गिऱ्हाईक अशीच गाडी घेऊन आले. म्हणाले, "जरा हलतीया ओ, खरं पळतीया बगा झकास." रॅम्पवर चढवली, चाकं लोंबकळती ठेवली आणि बुशपाशी टामी, म्हणजे छोटी लोखंडी पहार, घालून दाबली. चांगला बुश असेल तर टामी तशीच परत ढकलतो. हा गपकन आत गेला, रबराला जिथं चीर होती तिथून काळं तेल ओघळलं आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. दुसऱ्या बाजूचा बुश तर आधीच कोरडा होता, तेल कधीच रस्त्यावर सांडून गेलेलं. त्या माणसानं तोवर दोनदा अलाइनमेंट आणि तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं होतं. बुशच सैल असेल तर अलाइनमेंट रॅम्पवरून खाली उतरेपर्यंतच टिकतं.

तेव्हा पुण्यात कुठल्याही टायरवाल्याकडं दोनशे-तीनशे रुपये देऊन गाडी वर उचलायला लावा आणि ही टामी लावून बघायला सांगा. मालक नको म्हणाला, तर तिथंच विषय संपला.

टायरवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ह्यात माझी स्वतःची एक चूक जमा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसासाठी मी एक जर्मन सेदान तपासली. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, इंजिन ऐकलं, गिअरबॉक्स बघितला, सगळं चोख. टायरची नक्षी जवळजवळ नवी होती, म्हणून त्यांच्याकडं एक नजर टाकून सोडून दिलं. जुलैत ते गृहस्थ गोव्याला निघाले. कणकुंबी सोडल्यावर एका उताराच्या वळणावर गाडीचं मागलं अंग बाजूला सरकलं आणि पुढचं टोक दरडीकडच्या गटारात गेलं. कुणाला लागलं नाही, दरीकडं गेली असती तर आज हे असं लिहीत बसलो नसतो. गाडी माझ्याकडंच आली. तेव्हा टायरच्या बाजूचे आकडे वाचले. मागचे दोन्ही टायर नऊ वर्षांचे. नक्षी होती, पण रबर नखानं दाबलं तर पाटीसारखं कडक.

ते आकडे वाचायला शिका. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. हे आकडे कधीकधी आतल्या बाजूला असतात, तर खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारायचा. सहा वर्षांवरचा टायर मी ह्या घाटात चालवू देत नाही, नक्षी कितीही असो. चारही टायर एकाच कंपनीचे हवेत, निदान एका धुरेवरचे दोन तरी जुळे हवेत. आणि नक्षी आतल्या कडेला जास्त खाल्लीय का ते हात घालून चाचपा. उभ्यानं बघताना बाहेरची कडच दिसते, गाडी विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

मालक रनफ्लॅटला दोष देतोय, त्यात थोडं खरं आहे. ह्या टायरच्या भिंती कडक असतात, हवा गेली तरी ऐंशीच्या वेगानं ऐंशी किलोमीटर जाता यावं अशी त्यांची बांधणी. त्यामुळं खड्डा जोरात जाणवतो आणि भिंतीला गाठ लवकर येते. पण नव्वदला थरथरणं हा काही रनफ्लॅटचा स्वभाव नव्हे. पुष्कळ लोक साधे टायर घालतात, गाडी मऊ चालते, मीही घालून देतो. फक्त मग स्टेपनीची सोय करावी लागते. जांबोटीच्या पुढच्या जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही आणि पावसात तिथं पंक्चर काढायला कुणी येत नाही.

मागच्या चाकांना जोर असलेली गाडी ओल्या घाटात घसरते, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. टायर चांगले असतील आणि गाडी घसरायला लागली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालू असेल तर घाबरायचं कारण नाही. उलट आंबोली किंवा तिलारीच्या चढाच्या वळणात पुढच्या चाकांची ताकदवान गाडी जागेवर चाकं फिरवते, ही जमिनीला पाय रोवून चढते. उतारावर मात्र सगळ्या सारख्याच जड. गिअर हातानं खाली घ्यायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक ऑइल किती वर्षांचं आहे तेही विचारा, दोन वर्षांवर गेलं असेल तर आधी ते बदलायचं.

आता चेन. मेहुणे खोटं बोलत नाहीत. ह्या गाडीत एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे आणि त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी, पुढं नसून मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. २००७ पासूनच्या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये ती लवकर ढिली पडत होती. तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन गेलं. नुसती बदलायची म्हटलं तरी गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, म्हणून बिल मोठं. २०१३ ची गाडी त्या वाईट वर्षांतली नाही, धोका कमी आहे. पण ऑइल कधी कधी बदललं ह्यावर सगळं अवलंबून. डॅशबोर्ड सांगेल तेव्हाच ऑइल, असं बारा वर्षं चाललं असेल तर मला ते आवडणार नाही. दहा हजारांना किंवा वर्षाला एकदा बदलल्याची बिलं असतील तर निम्मी काळजी मिटली.

तपासणी सोपी आहे. मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा की गाडी सकाळी सुरू करायची नाही. तुम्ही पोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर समजा काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन सुरू करा, बॉनेट उघडून मागच्या बाजूला, काचेकडं, कान लावा. आम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, तुम्ही डॉक्टर आहात, तुमच्याकडं त्याहून बरं साधन आहे. हळूहळू दोन हजार आरपीएमपर्यंत न्या. मागून साखळी घासल्यासारखी बारीक खरखर आली तर मागं वळून बघू नका. पुढून कुरकुर येत असेल, तर क्रँक पुलीकडं बघा. तिच्या दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये रबर असतं, ते फाटलं की पट्टा उडतो आणि भर रस्त्यात चार्जिंग बंद. बघा, इथंही रबरच.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा आहे, माझ्या मते ह्या गाडीतली सगळ्यात चांगली वस्तू. त्यातलं ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही अशी एक समजूत आहे. कुणाच्या आयुष्यभर, ते कुणी सांगत नाही. बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजारांच्या दरम्यान बदला म्हणते. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, तेव्हा पॅनसकट बदलावं लागतं. ७८ हजारांवर ते काम तुमच्याच वाट्याला येणार.

किलोमीटर खरे आहेत का, हे स्कॅनरवाला सांगू शकतो. मीटरचा आकडा मागं घेणाऱ्याला बाकीच्या कंट्रोल युनिटांमधले आकडे दरवेळी जमतातच असं नाही. ह्या गाडीच्या चावीतसुद्धा किलोमीटर साठवलेले असतात, दोन्ही चाव्या मागा.

एक गोष्ट आपल्या भागात राहणाऱ्यानं सोडूच नये, ती म्हणजे पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कोल्हापूर-सांगली बुडालं, यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं आपण बघितलंय. त्या पाण्यातल्या गाड्या गेल्या कुठं? धुऊन, पॉलिश करून बाजारात आल्या, आणि कोल्हापुरातली पुण्यात विकली तर कुणी विचारत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी थांबेपर्यंत. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ मी तीन गाड्यांत बघितलीय. डिकीतला गालिचा उचला, तळाच्या खळग्यात हात फिरवून बोटाला माती लागते का बघा, सीटखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी आहे का बघा. ह्या गाडीची बॅटरीच डिकीत असते. पुरातली गाडी दोन वर्षं बरी चालते आणि मग रोज एक दिवा लावते. ती फुकट दिली तरी नको.

कागदांचं. तुमचा पत्ता खानापूर, गाडी एमएच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. आपल्याकडं एमएच-०९ आणि गोव्याच्या नंबरच्या गाड्या बिनधास्त फिरतात, इकडं घर आणि चंदगडला शेत असली हजार कारणं असतात, खरं नाकाबंदीत सापडल्यावर कारण ऐकून घेणारा भेटेलच असं नाही. केए-२२, म्हणजे बेळगावचं पासिंग, करायचं तर पुण्याच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि इथं लाइफटाइम टॅक्स. वीस लाखांवरच्या नव्या गाडीला कर्नाटकात १८ टक्के आणि वर सेस असतो. जुन्या गाडीला वयानुसार टक्के उतरतात, पण हिशोब होतो तो गाडीच्या मूळ किमतीवर, तुम्ही देणार त्या साडेअकरावर नाही. ही गाडी नवी असताना चाळीस लाखांच्या आसपासची. टोकन देण्याआधी आरटीओतून आकडा काढून घ्या, कागद कन्नडमधून येईल तर कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. शिवाय २०२८ ला पंधरा वर्षं पूर्ण होतात, तेव्हा फिटनेस करून रजिस्ट्रेशन नवं करायचा खर्च आहेच. दिल्लीकडची गाडी कुणी अर्ध्या किमतीत दाखवली तर तिचं कारणही कागदात असतं, दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिथं २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून टांगती तलवार आहे.

सुपर्ब? दोन लिटर डिझेल आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक असेल तर जरूर बघा. त्याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, दर ६० हजारांना ऑइल बदललं तर टिकतो. १.८ पेट्रोलला सात गिअरचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे, घाटात रांगेत अडकलं की तो तापतो, आणि त्या काळातली ती इंजिनं ऑइलही पितात. ती नको. मर्सिडीजची ई २५० सीडीआय तुम्ही विचारली नाहीत, पण विचाराल. तिच्या ओएम६५१ इंजिनाची चेनही मागंच आहे आणि सुरुवातीच्या गाड्यांत डेल्फी कंपनीचे, डिझेल फवारणारे इंजेक्टर त्रास देत होते, बदललेले आहेत का एवढं बघायचं. २०१७ नंतरची लांब ई क्लास मात्र आपल्या स्पीडब्रेकरला पोट टेकवते. ऑडी ए६ च्या आधीच्या दोन लिटर डिझेलला मल्टीट्रॉनिक सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, ती गाडी मी सोडून देतो.

कॅमरी हायब्रिड भारतात जोडायला लागले २०१३ पासून. तिला स्टार्टर नाही, ऑल्टरनेटर नाही, क्लच नाही, म्हणजे बिघडायला तेवढ्या वस्तू कमी. मागच्या सीटपाशी बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, ती धुळीनं बुजलीय का बघायचं आणि बॅटरीची तब्येत स्कॅनरवर. चालवायला मात्र ती पाहुण्यासारखी आहे, शांत बसायचं आणि जायचं. चोर्ल्याच्या लांब उतारावर बॅटरी भरत असताना गाडीला जी मागं ओढ बसते, ती बॅटरी पूर्ण भरली की कमी होते, तेव्हा ब्रेकवर लक्ष ठेवायचं. तुम्हाला गाडी चालवण्यात रस नसेल तर डोळे झाकून हीच घ्या. पण तुम्ही बीएमडब्ल्यूची ट्रायल घेऊन आलात, ह्यावरून मला तसं वाटत नाही.

तुमचा रोजचा रस्ता एका बाजूनं पंचवीस-सव्वीस किलोमीटर. डिझेल इंजिन नीट तापायला तेवढं पुरतं, त्यामुळं डिझेलला हरकत नाही. माझ्याकडचा अंदाज सांगतो. चार टायर पाऊण लाखाच्या घरात, पुढचे आर्म आणि बुश पन्नास-साठ हजार, शॉकअप चारही करायचे तर तेवढेच परत, गिअरबॉक्सचं ऑइल-पॅन चाळीस. आर्म घेताना लेमफोर्डरचे घ्या, ती झेडएफचीच कंपनी आहे, बीएमडब्ल्यूच्या डब्यातल्यापेक्षा स्वस्त पडतात आणि पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी इथं पोचतात. हे सगळं सव्वादोन लाखांच्या घरात जातं, त्यात टॅक्स मिळवा. म्हणून साडेअकरा नाही. थंड इंजिन गप्प असेल, ऑइलची बिलं असतील, पाण्याची खूण नसेल, तर साडेनऊ म्हणा आणि दहापर्यंत जा. दहाला तुटत नसेल तर सुपर्ब शोधू.

थरथर आहे म्हणून गाडी सोडू नका, उलट त्याच थरथरीवर दीड लाख कमी करून घ्या. मालक "अशाच असतात" म्हणाला ना, त्याला रॅम्पवर टामी दाखवा आणि मग किंमत विचारा. पण पुण्याला परत जाण्याआधी त्याच्याकडून चारही टायरचे ते चार-चार आकडे फोटो काढून मागवा आणि मला पाठवा, जावं की नाही ते त्यावरून सांगतो.